डब्यात लोह आहे, मग रक्तात का नाही?

बीट लाल आणि रक्तही लाल, तेव्हा बीट खाल्लं की रक्त वाढणार. हा हिशोब आपल्या डोक्यात इतका घट्ट बसलाय की मुलाचं हिमोग्लोबिन साडेनऊ आल्याचा कागद हातात पडला, की माणसं औषधाच्या दुकानाआधी भाजीवाल्याकडे थांबतात. मग आठवडाभर घरात बीटाची कोशिंबीर, बीटाचा पराठा, बीटाचा ज्यूस आणि पोराचं तोंड वाकडं.

बीटाचा तो रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्याचा. लोहाशी त्याचा संबंध नाही. १०० ग्रॅम बीटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. डाळिंबात त्याच्या निम्म्याहून कमी. चिरलेलं सफरचंद तपकिरी पडतं ते त्यातल्या लोहामुळे, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. ते काम फोडी हवेत उघड्या पडल्यावर जागं होणाऱ्या एका एन्झाइमचं असतं. सफरचंदात लोह जवळजवळ नाहीच.

गुळाची गोष्ट जरा वेगळी. गुळात लोह असतं, १०० ग्रॅमला साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास. पण जेवणानंतरचा खडा असतो दहा ग्रॅमचा, म्हणजे हाती अर्धा मिलिग्रॅमही लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला १५ मिलिग्रॅम लोह जेवणातून मिळायला हवं. ते गुळातून भरायचं तर रोज पाव किलोहून जास्त गूळ खावा लागेल, आणि मग दातांच्या डॉक्टरांकडची फेरी वेगळी. पालकाची भाजीही मानतात तितकी दमदार नाही. १०० ग्रॅममध्ये तीनेक मिलिग्रॅम, आणि त्यातलंही बरंचसं आतड्यातून तसंच पुढे निघून जातं. त्याच टोपलीतला माठ पालकापेक्षा सरस आहे, फक्त त्याची जाहिरात कोणी केली नाही.

तरी खरी गोम चुकीच्या भाज्यांत नाही. आपल्या घरातल्या साध्या जेवणात लोह असतंच. बाजरीत १०० ग्रॅमला सहा मिलिग्रॅमच्या वर, मटकीत त्याहूनही थोडं जास्त, ज्वारी, गहू, नाचणी, पोहे यांत चारच्या आसपास. तोंडात जातं ते पुरेसं नसलं तरी अगदीच थोडं नसतं. अडतं ते पुढे. पोटात गेलेलं लोह रक्तापर्यंत पोचत नाही, आणि का पोचत नाही हे एकदा समजलं, की बाजारातून नवीन काही न आणता ताटातला बराच बदल घरच्या घरी करता येतो.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी जवळजवळ ६९ टक्के मुलांना रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया, असल्याचं दिसलं. १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये ५४ टक्के. या सर्वेक्षणात बोटाला टोचून रक्त घेतात, त्याने आकडा फुगतो, असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला आहे आणि त्यात तथ्य आहे. २०१६ ते २०१८ मधल्या दुसऱ्या एका राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतलं, तेव्हा देशातल्या एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण ४१ टक्के निघालं. कमी धरूया. तरी दहातली चार मुलं. एवढी मुलं फक्त मेळघाटातली किंवा मोखाड्याची असू शकत नाहीत. त्यातली काही घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहतात, काही खारघरच्या नामांकित शाळेत जातात, आणि त्यांच्या घरी फ्रीज भरलेला असतो.

लोहाचं दार

लोह लागतं कशाला? रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असतं, त्याच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू, आणि फुप्फुसातला प्राणवायू त्या अणूंना धरून अंगभर फिरतो. हे बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असतं. कमी ठाऊक असतं ते हे की लोह स्नायूंना आणि मेंदूलाही लागतं, आणि साठा कमी व्हायला लागला की हिमोग्लोबिन घसरण्याच्या आधीच मूल चिडचिडं, सुस्त, लक्ष न लागणारं होऊ शकतं. हिमोग्लोबिन हा शेवटी पडणारा आकडा आहे. साठा किती उरलाय ते फेरिटिन नावाच्या तपासणीत कळतं. मात्र ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं, म्हणून सर्दीखोकल्यात ती तपासणी करू नये.

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की शरीर तिच्यातलं लोह फुकट घालवत नाही, नव्या पेशीसाठी पुन्हा वापरतं. त्यामुळे मोठ्या पुरुषाला रोज बाहेरून एक मिलिग्रॅमच्या आसपास लोह रक्तात आलं तरी भागतं. मुलांचं तसं नाही. मूल वाढतं म्हणजे त्याचं रक्तही वाढतं, आणि त्या जास्तीच्या रक्तासाठी लोह नव्यानेच आणावं लागतं. म्हणून सहा महिने ते दोन वर्षं आणि मग वयात येतानाची वर्षं, या दोन टप्प्यांवर मुलं सर्वांत जास्त घसरतात.

आता मुद्द्याची गोष्ट. जास्त झालेलं लोह बाहेर टाकायला शरीराकडे मार्ग नाही. लघवीतून जादा मीठ जातं, तसं लोह जात नाही, आणि साठलेलं लोह यकृताला आणि हृदयाला घातक असतं. त्यामुळे शरीराने सगळा बंदोबस्त आत येण्याच्या जागी ठेवलाय, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. सकाळी पावणेनऊला ठाणे स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून पाहा. शेकडो माणसं उभी, गाडी येते, थोडी आत शिरतात, बाकीची तिथेच. शाकाहारी जेवणातल्या लोहाचं असंच होतं. शंभर भाग खाल्ले तर आठ-दहा भाग आत जातात, उरलेले आतड्यातून सरळ पुढे. आणि दारात कोणाला घ्यायचं हे यकृतात तयार होणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक ठरवतं. साठा भरलेला असला की ते वाढतं आणि दार बंद करतं, साठा रिकामा असला की घटतं आणि दार किलकिलं होतं. पण अंगात कुठे सूज किंवा संसर्ग असला तरीही हेप्सिडिन वाढतं. वरचेवर आजारी पडणाऱ्या मुलाचं रक्त भरपूर खाऊनही सुधारत नाही त्यामागे हेही एक कारण असतं. जाड मुलांमध्येही चरबीमुळे अशी बारीक सूज असते, म्हणून अंगाने गुटगुटीत आणि रक्ताने कमी, असं मूल दिसलं तर ते नवल नाही.

कपभर चहा

हेप्सिडिन आपल्या हातात नाही. ताटात लोहाबरोबर आणखी काय बसलंय, ते आहे. आणि इथे पहिला आरोपी चहा.

चहात टॅनिनसारखी पॉलिफिनॉल द्रव्यं असतात. चहाला तुरटपणा त्यांचाच. ही द्रव्यं आतड्यात लोहाला घट्ट पकडतात आणि त्यांची जी गाठ बनते ती आतड्याच्या दारातून आत जात नाही. जेवणाबरोबर चहा घेतला तर त्या जेवणातलं शोषलं जाणारं लोह निम्म्याहून खाली येऊ शकतं. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी टाळा, असं स्पष्ट म्हटलंय. कॉफीतही तीच द्रव्यं, आणि कोकोतही. मुलांच्या दुधात चमचा-चमचा घातली जाणारी ती चॉकलेटी पावडर म्हणूनच मला खटकते, तिच्या डब्यावर लोहाचं चित्र असो वा नसो. साखर तर वेगळीच.

आता आपल्याकडची सकाळ डोळ्यांसमोर आणा. शाळेची बस सातला. मुलाला झोपेतून उठवून बसवलेलं, आणि पुढ्यात चहा-चपाती. नाहीतर चहा-खारी, चहा-बटर, चहात बुडवलेलं बिस्कीट. बालवाडीतल्या मुलाच्याही कपात अर्धा दूध, अर्धा चहा. गव्हाच्या चपातीत लोह असतं, ते त्या चहात बुडतं आणि तिथेच संपतं. हे मोडायला गेलं की घरोघरी ठरलेला संवाद होतो.

"अगं, चहा-चपातीवर आम्ही सगळी भावंडं वाढलो. काय झालं आम्हाला?"

"काही झालं नाही आई, पण तेव्हा तुमचं हिमोग्लोबिन कोणी तपासलं होतं?"

सासूबाईंचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. त्यांच्या लहानपणी दुपारच्या जेवणात बाजरीची भाकरी आणि मोड आलेली कडधान्यं असायची, आणि चहा जेवणाच्या वेळी नव्हता. आज जेवणच पातळ झालंय आणि चहा तेवढाच राहिलाय. मुलाला चहाची सवय लागली असेल तर एकदम बंद करण्याचा अट्टहास करू नका, घरातलं वातावरण बिघडतं. आधी चपाती आणि चहा वेगळे करा. चपातीबरोबर शेंगदाण्याची चटणी किंवा कालची उसळ द्या, चहा संध्याकाळी खेळून आल्यावर. नंतर तोही हळूहळू कमी होतो. मोठ्यांनी जेवण झाल्या झाल्या कटिंग मारायची सवय सोडावी. मुलं बघत असतात.

लिंबाची फोड पानात डावीकडे का?

शाकाहारी लोहाची दुसरी अडचण म्हणजे ते ज्या रूपात असतं ते रूप. पोटातल्या आम्लात ते विरघळतं, पण पुढे आतड्यात आम्लता कमी झाली की पुन्हा न विरघळणाऱ्या रूपात जातं, आणि न विरघळलेलं लोह दारातून घेतलं जात नाही. क जीवनसत्त्व इथे दोन कामं करतं. लोहाचं रूप बदलून ते शोषण्याजोगं करतं, आणि आतड्यात पोचल्यावरही त्याला विरघळलेलं ठेवतं. शिवाय चहातली द्रव्यं किंवा धान्यातले अडथळे लोहाला पकडायला आले तर त्यांच्याशी झुंज देतं. कच्चं, ताजं आणि त्याच जेवणात असलं तरच. सकाळी संत्रं आणि दुपारी उसळ, याचा लोहासाठी उपयोग नाही.

आपल्या पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढतात. वाढणाऱ्यांनी लोहाचा विचार केला नसेल, चवीचा केला असेल. पण पोह्यांवर लिंबू पिळणं, वरणभातावर लिंबू पिळणं, मिसळीबरोबर कांदा-लिंबाची वाटी, या सवयी लोहाच्या दृष्टीने अगदी जागेवर बसलेल्या आहेत. मिसळीचं तर मला विशेष कौतुक आहे. घरी केलेल्या मिसळीत मोड आलेली मटकी, वर कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू. पावाऐवजी भाकरी घेतली तर अजून बरं, पण तेवढं ठाणेकराला सांगण्याची माझी छाती नाही. फक्त ताट संपता संपता येणारा चहा तेवढा तासभर थांबवा.

एक मात्र खरं की अर्ध्या लिंबात क जीवनसत्त्व फार नसतं, फार तर आठ-दहा मिलिग्रॅम. पेरूच्या दोन-तीन फोडींत त्याच्या दहापट मिळतं, आणि आवळ्यातही भरपूर. म्हणून डब्यात लोहाची जोडी लावायची तर सर्वांत स्वस्त आणि दणकट जोडीदार पेरू. हिवाळ्यात तुर्भ्याच्या घाऊक फळबाजारात पेरूच्या क्रेट उतरतात, तिथून गल्लीतल्या हातगाडीवर येतात, आणि आपण त्या ओलांडून किवी घ्यायला जातो. पेरूने सर्दी होते हा समज बाजूला ठेवा. फोडी करून चिमूटभर मीठ-मिरची लावली तर मुलं शाळेत स्वतः खातात, शेजाऱ्यालाही देतात. कोबी, सिमला मिरची यांतही क जीवनसत्त्व असतं, पण शिजवताना ते बरंचसं जातं. म्हणून कोशिंबीर.

भिजवणं आणि मोड

धान्यात, कडधान्यात आणि तेलबियांत फायटेट नावाचं द्रव्य असतं. बी रुजताना लागणारा फॉस्फरस त्यात साठवलेला असतो, म्हणजे बीच्या दृष्टीने ती शिदोरी. आपल्या आतड्यात मात्र तेच फायटेट लोह आणि झिंक धरून ठेवतं. भाकरी, चपाती, डाळ असा सगळा आहार धान्यावर उभा असलेल्या माणसाचं लोह इथे सर्वांत जास्त अडकतं.

यावरचा उपायही त्याच बीच्या आत आहे. बी भिजली की फायटेट मोडणारं एन्झाइम जागं होतं, मोड यायला लागले की त्याचं काम जोरात चालतं, आणि मोडाबरोबर थोडं क जीवनसत्त्वही तयार होतं. पीठ आंबवलं तरी फायटेट घटतं. आंबोळी, इडली, डोसा, ढोकळा, नाचणीची आंबील यांचा फायदा तिथे आहे. इन्स्टंट मिक्समध्ये सोडा घालून फुगवलेल्या इडलीत तो नाही, कारण तिथे काही आंबलेलंच नसतं.

ठाण्याच्या जुन्या घरांमध्ये, विशेषतः सीकेपी घरांत, वालाचं बिरडं होतं. वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. हे सगळं चवीसाठी होतं यात शंका नाही. पण भिजवण्याने आणि मोडाने फायटेट कमी झालं, आणि कडधान्यातली टॅनिनसारखी द्रव्यं बहुतेक सालात असल्याने सोलल्यावर तीही गेली. वर कोकम, आंबट. लोह शोषलं जावं म्हणून एखाद्याने प्रयोगशाळेत बसून रेसिपी बनवली असती तरी याहून फार वेगळी झाली नसती. सोलायला अर्धा तास जातो हे कबूल. सोसायटीच्या दारातल्या भाजीवाल्या मावशींकडे सोललेलं बिरडं मिळतं, ते घ्यायला लाज कसली.

बिरडं जमत नसेल तर मटकी, मूग, चवळी, हरभरा. रात्री भिजवा, सकाळी उपसून फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड. मुंबईच्या दमट हवेत पावसाळ्यात बांधलेल्या कडधान्याला वास येतो, म्हणून त्या दिवसांत मोड थोडे आले की लगेच फ्रीजमध्ये. आणि लहान मुलांसाठी मोड शिजवूनच द्या, कच्चे नकोत. दमट उबेत जंतूही वाढतात.

नाचणीच्या सत्त्वाबद्दल थोडं सविस्तर, कारण बाळाला वरचं सुरू करताना सगळ्यांत जास्त गोंधळ तिथे असतो. नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला साका वाळवायचा, ते सत्त्व. मोड आणल्याने फायटेट कमी होतं, गाळल्याने चोथा जातो, सहा-सात महिन्यांच्या बाळाला ते पचायला हलकं. पण नाचणीची खरी ताकद कॅल्शियम आहे, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या पुढे, आणि ते बरंचसं सालाकडच्या भागात असतं. गाळलं की तेही चोथ्याबरोबर जातं. म्हणून बाळ जरा मोठं झालं, घास घ्यायला लागलं, की मोड आणून वाळवून दळलेलं न गाळलेलं पीठ वापरा. आणि नाचणी लोहासाठी एकटी पुरत नाही. त्या वयात मूगडाळ, भाजी, घरात चालत असेल तर मासा किंवा कलेजीचा मऊ घास हवा. बाळ जन्मताना आईकडून आणलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो. आईच्या दुधातलं लोह थोडं असलं तरी चांगलं शोषलं जातं, पण सहा महिन्यांनंतर ते पुरत नाही. वरचं लांबवत नेण्यात शहाणपणा नाही.

गाईम्हशीच्या दुधाबद्दल दोन शब्द, कारण इथे आपला जीव अडकलेला असतो. दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि त्यातलं कॅल्शियम त्याच जेवणातलं लोहही काहीसं अडवतं. दीड-दोन वर्षांचं मूल दिवसाला चार बाटल्या दूध पीत असेल तर त्याचं पोट भरलेलं असतं, ते जेवत नाही, आणि गोरंपान दिसतं ते बऱ्याचदा फिकट असतं. अर्धा लिटर पुरे. वर्षाच्या आतल्या बाळाला मुख्य दूध म्हणून गाईचं दूध देऊच नये, त्याने आतड्यातून न दिसणारा रक्तस्राव होऊ शकतो.

मासे खाणाऱ्यांचं

नवी मुंबई वसण्याआधी इथे आगरी-कोळ्यांची गावं होती, आणि टॉवरच्या मध्ये ती अजून आहेत. दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली, वाशीगाव. या घरांतलं रोजचं अन्न म्हणजे तांदळाची भाकरी किंवा भात, आणि सोबत खाडीतलं जे मिळेल ते. तांदळात लोह फार थोडं, पण ताटातल्या शिवल्या, कालवं, खुबे यांनी ती उणीव भरून निघायची. शिंपल्यांत लोहही भरपूर आणि बी-१२ जीवनसत्त्वही. मांस-माशांतल्या लोहाचा एक भाग हिमोग्लोबिनसारख्याच बांधणीत असतो. त्याला चहा, फायटेट फारसं अडवू शकत नाहीत, आणि तो शाकाहारी लोहापेक्षा कितीतरी पट चांगला शोषला जातो. वर, ताटात मासा असला तर शेजारच्या डाळीतलं लोहही जास्त आत जातं. थोडा सुका जवळा घातलेली वांग्याची भाजी म्हणूनच नुसत्या वांग्याच्या भाजीहून फार वेगळी आहे. फक्त सुक्या माशात मीठ असतं, तो धुऊन घ्यावा.

खाडीत आता काय काय येऊन मिळतं ते आपण जाणतो. त्यामुळे शिंपले ओळखीच्या मावशींकडूनच घ्यावेत आणि नीट उकडावेत. बाकी, कोळंबी आणि पापलेटपलीकडे मुलांना काही चाखवायचंच नाही, हे नव्या घरांतलं फॅड मला पटत नाही. अंड्याचंही सांगून टाकते. अंडं प्रथिनांसाठी उत्तम आहे, पण लोहासाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये. बलकातलं एक प्रथिन त्यातलं लोह धरून बसतं.

शाकाहारी घरांसाठी एक जुनी वस्तू पुन्हा ओट्यावर आणण्यासारखी आहे, लोखंडी कढई. तीत काही आंबट शिजवलं, चिंच-गुळाची आमटी म्हणा किंवा टोमॅटो घातलेली उसळ, की कढईतलं थोडं लोह अन्नात उतरतं. पदार्थ काळपट होतो, म्हणून शिजला की दुसऱ्या भांड्यात काढा. बिडाच्या तव्यावरची धिरडी, थालीपिठं चवीलाही नॉनस्टिकपेक्षा चांगली लागतात. हळिवाचा लाडू फक्त बाळंतिणीसाठी राखून ठेवायचं कारण नाही. हळिवात १०० ग्रॅमला १७ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. पावसाळ्यात येऊरच्या आणि शहापूर-मुरबाडकडच्या बायका ठाणे स्टेशनाबाहेर रानभाज्यांचे वाटे घेऊन बसतात, त्यांतली एखादी आठवड्याला घरात यायला हवी, निदान मुलांना भाजी म्हणजे फक्त बटाटा आणि फ्लॉवर वाटू नये इतकी तरी.

कोणाला किती

दहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला १६ मिलिग्रॅम लोह जेवणातून लागतं आणि त्याच वयाच्या मुलीला २८. मोठ्या पुरुषाला १९, बाईला २९. कारण उघड आहे, पाळीत दर महिन्याला रक्त जातं, आणि मुलीचं शरीर त्याची तयारी आधीपासून करत असतं. म्हणजे सातवीतल्या भावा-बहिणीला सारखं वाढलं तर ते समान दिसतं, पण बहिणीची गरज जवळजवळ अर्धीच भरते. आणि आपल्याकडे सारखंही वाढलं जात नाही. कलेजी, माशाची मोठी तुकडी, उसळीतला घट्ट भाग कोणाच्या पानात जातो ते प्रत्येक घराने आपापलं पाहावं. आई शेवटी बसते, तेव्हा पातेल्यात आमटीचं पाणी आणि एक पोळी उरलेली असते. मग ती थकते म्हणून चहा घेते.

हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी, असंही नेहमी नसतं. बी-१२ आणि फोलेट या जीवनसत्त्वांची कमतरता असू शकते. ठाणे जिल्ह्यात तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी. सिंधी समाजात, म्हणजे उल्हासनगरच्या मोठ्या वस्तीत, तसंच लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत थॅलेसेमियाचं, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचं, वाहक असण्याचं प्रमाण जास्त आढळतं. ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल हा हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक आजार दिसतो. थॅलेसेमियाच्या वाहकाच्या तांबड्या पेशी लहान असतात, रिपोर्ट लोहाच्या कमतरतेसारखाच दिसतो, पण साठा ठीक असतो. अशा माणसाला महिनोन् महिने लोहाच्या गोळ्या देण्यात अर्थ नाही. महिना-दोन महिने औषध घेऊनही आकडा हलत नसेल तर डॉक्टरांना फेरिटिनबद्दल आणि हिमोग्लोबिनच्या प्रकारांच्या तपासणीबद्दल विचारा. मूल माती, खडू, पाटीवरची पेन्सिल किंवा बर्फ चघळत असेल तर त्याला रागावण्याआधी रक्त तपासा, लोह कमी असल्याची ती एक खूण असते.

आणि एकदा रक्तक्षय झाला की नुसत्या ताटाने तो भरून येत नाही, औषध लागतं. २०१८ पासून ॲनिमियामुक्त भारत या कार्यक्रमात पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना एक निळी गोळी मोफत दिली जाते. बऱ्याच घरांत ही गोळी दप्तरातच राहते, "सरकारी आहे, उलटी होते" म्हणून. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं हे खरं, म्हणून ती जेवणानंतर देतात. जंताची गोळीही चुकवू नका. आकडीकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो, तो आत असेपर्यंत बाकी सगळं व्यर्थ.

डॉक्टरांनी सिरप दिलं असेल तर ते चहा किंवा दुधाबरोबर नको, लिंबाच्या सरबताबरोबर चालेल. शी काळी होते, घाबरू नका. दातांवर डाग पडतात, म्हणून गालाच्या आत मागच्या बाजूला सोडा आणि वर पाणी द्या. हिमोग्लोबिन वर आलं की बाटली बंद करायचा मोह होतो, पण तेव्हा रक्त भरलेलं असतं, साठा अजून रिकामाच असतो. तो भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात, तोवर डॉक्टर सांगतील तसं चालू ठेवायचं. आणि बाटली कपाटात वर, मुलाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. ते औषध गोड असतं, आणि लहान मुलाने ते एकदम बरंच प्यायलं तर जिवावर बेतू शकतं.